मागे उभा असलेला माणूस

"आरोप ठेवावा असं कोणाकोणाला वाटतं?" हा प्रश्न मी अजून विचारलाच नव्हता, आणि माझा हात वर गेलेला होता. समोरच्या खिडकीच्या काचेत तो मला दिसला, बाहेरच्या करड्या आभाळावर टेकल्यासारखा, आणि क्षणभर मनात आलं, ही कोण बाई हात वर करून बसली आहे? मग मनगटावरचा केसांच्या रंगाचा डाग ओळखू आला. खोलीतल्या बहुतेकांचे हात वर होतेच. कोणाच्या दुसऱ्या हातात अर्धा डोनट होता, कोणी दुसरा हात कोटाच्या बाहीत घालून मोकळा झाला होता, कारण जेवणाची सुट्टी जवळ आली होती. सरकारी वकीलबाई आणि साक्षी टिपून घेणारी मुलगी बाहेर गेल्या होत्या. मत द्यायच्या वेळी आमच्याशिवाय खोलीत कोणी थांबायचं नाही असा नियमच आहे. आणि त्यांच्यामागे दार लागल्याचा तो खट् आवाज झाला की हात वर करायचे, एवढं आमच्या अंगवळणी पडलं होतं. माझ्या केस कापायच्या दुकानात गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की माझा हात आपोआप फणीकडे जातो, तसंच. मला राग आला. स्वतःचा नाही, स्वतःचा राग मला सहसा येत नाही, तसा प्रसंगच मी येऊ देत नाही. त्या हाताचा आला. छप्पन्न वर्षं मी त्याला पोसलं, त्याच्या जोरावर आमच्या वस्तीतल्या, कायझरटाउनमधल्या, निम्म्या बायकांची डोकी सांभाळली, आणि हा मला न विचारता एका माणसाला तुरुंगाच्या दाराशी नेऊन उभा करत होता.

या खोलीत जज नसतो. आरोपी नसतो, त्याचा वकीलही नसतो. सरकारचा वकील असतो, तो आणील ते साक्षीदार असतात, आणि आम्ही तेवीस जण. आमच्यातल्या बारांनी हात वर केले की माणसावर आरोप लागला. पुढे खटला, आणि तिथे म्हणे त्याची बाजू. ग्रँड ज्युरीचं, म्हणजे या तेवीस जणांत बसायचं, बोलावणं आलं तेव्हा मला वाटलं होतं, आता रोज काहीतरी थरारक ऐकायला मिळणार. प्रत्यक्षात पोलीस येतो, वाचून दाखवतो, जातो, वकीलबाई कायद्याचं कलम वाचते, जाते, खट्. चोरलेल्या गाड्या, गाडीच्या सीटखालची पिस्तुलं, नशेच्या गोळ्यांच्या पुड्या. त्या खोलीत हीटरचा कोरडा वास, ओल्या बुटांचा वास, कॉफीचा वास, असे सगळे वास एकमेकांत मिसळून दुपारपर्यंत डोक्यात घट्ट होऊन बसतात. जजने मला सगळ्यांची पुढारी नेमलं होतं. का, ते त्याचं त्याला माहीत. मी पुढच्या रांगेत बसले होते आणि माझे केस नीट होते, एवढंच कारण असावं. पण नेमलं ते बरं केलं, असं मी घरी येऊन बहिणीला फोनवर सांगितलं. कोणीतरी ठाम माणूस लागतो. आणि त्या दिवशी तो ठाम माणूस प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर देऊन बसला होता.

मी हात खाली घेतला. मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर दुसरा हात ठेवला.

"ल्युसिल, आकडा सांगा की," ग्रेग ह्यूबर म्हणाला. ह्यूबर विमा विकतो, आणि आम्ही सगळे त्याचा वेळ खातो आहोत असा त्याचा पहिल्या दिवसापासून चेहरा. "सतरा-अठरा तरी आहेत. चला, भूक लागलीय."

"हात खाली," मी म्हणाले.

"कोणाचे?"

"सगळ्यांचे. मी अजून विचारलंच नाही."

"विचारायचंय काय त्यात? रोज तोच तर प्रश्न असतो!"

"आणि उत्तरही रोज तेच असतं. म्हणूनच म्हणतेय, खाली."

मागून ओडेल पेटवे हसला. ओडेलने जन्मभर शहराची बस चालवली, त्याचा आवाज गाडीच्या इंजिनासारखा पोटातून येतो. "ऐक रे बाबा बाईंचं," तो म्हणाला, "त्यांच्या हातात कात्री असते." हात एकेक करून खाली आले. कोणी डोनट संपवला. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, आता हिला काय सुचलंय या नजरेने. आणि खरं सांगायचं तर मला अजून काहीच सुचलेलं नव्हतं. एवढंच कळत होतं की सकाळी ऐकलेलं एक वाक्य घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं टोचतंय, आणि ते कोणतं ते आठवत नाही.

सकाळी फ्लॉरेन्स नावाची बाई साक्षीला आली होती. सत्तरीची, पातळ पांढरे केस, डाव्या बाजूला झोपून चपटे झालेले. नोव्हेंबरातल्या त्या सरोवराकडून आलेल्या बर्फाच्या संध्याकाळी ती दुकानांसमोरच्या मोठ्या पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून बसली होती आणि तिची बहीण मॅरियन औषधं आणायला गेली होती. मॅरियनच्या अंगात तिच्या वारलेल्या नवऱ्याचं शिकारीचं जॅकेट होतं, ते डोळ्यात भरणारं नारिंगी. हरणांच्या शिकारीच्या दिवसांत आमच्याकडे अर्ध्या शहराच्या अंगात ते असतं, न शिकार करणाऱ्यांच्यासुद्धा. पार्किंगमधला बर्फ ढकलणारा ट्रक मागे आला आणि मॅरियन त्याच्याखाली गेली. फ्लॉरेन्स हे सगळं अगदी सरळ सांगत होती, बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं, आणि सांगून झाल्यावर खुर्चीतून उठेचना. वकीलबाईंना तिला हाताला धरून दारापर्यंत न्यावं लागलं. मग पोलीस आला. ट्रकवाला एफ्राइन कांदेलारियो, वेस्ट साइडला राहतो, त्याने त्याच रात्री जे सांगितलं ते पोलिसाने वाचून दाखवलं: ट्रक मागे घेताना वाजणारा बजर बंद होता. ते मला माहीत होतं. आरशात मागे माणूस उभा दिसला. मला वाटलं तो आमचा माणूस आहे. मी ट्रक मागे घेतला. पोलीस वाचून थांबला आणि वकीलबाईंनी आमच्याकडे बघितलं, नुसतंच बघितलं. बजर बंद आहे हे ठाऊक. मागे माणूस दिसतोय. तरी मागे घेतला. यापेक्षा सरळ काय असायचं? सदोष मनुष्यवध. पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग.

वाक्य सापडलं. मला वाटलं तो आमचा माणूस आहे. पोलिसाने ते बाकीच्या वाक्यांच्या सुरातच वाचलं होतं, आणि आम्ही सगळे पुढच्या वाक्यावर घसरलो होतो. आमचा माणूस म्हणजे कोण? मोठ्या ट्रकमागे नारिंगी बंडी घातलेला माणूस उभा राहून हात हलवतो, या, या, थांबा. हे आमच्या शहरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. तो माणूस गाडी मागे येताना पाहतो आणि वेळेवर बाजूला होतो, त्याचं कामच ते. त्याला पाहून कोणी ट्रक थांबवत नाही, उलट निर्धास्तपणे मागे घेतो. मी डोळे मिटले आणि त्या आरशात पाहिलं. बर्फ, अंधारून आलेलं, काच धुरकट, आणि मध्ये नारिंगी ठिपका. मला आजही कोणी विचारलं तर मी सांगेन, मीही ट्रक मागे घेतला असता.

"त्याला कोणी सांगितलं होतं का," मी म्हणाले, "की मागे माणूस उभा आहे म्हणून?"

"पोलीस म्हणाला ना, तिथे कंपनीचा माणूस नव्हताच," ह्यूबर म्हणाला. "एकटाच होता तो. थाप मारतोय."

"नव्हता हे आपल्याला ठाऊक आहे. त्याला ठाऊक होतं का, ते विचारतेय मी."

"ते खटल्यात बघतील, ल्युसिल. आपलं काम फक्त दार उघडायचं. वकीलबाई रोज सांगतात की, आरोप म्हणजे शिक्षा नव्हे."

ते वाक्य ऐकलं की माझ्या भावाचा, एडीचा, चेहरा माझ्यासमोर येतो. एडी देखणा होता, मोठ्याने हसायचा, आणि लॅकवॅनाच्या एका बारमध्ये मारामारी झाली तेव्हा तो चुकून दाराजवळच्या टेबलावर होता. अशाच एका खोलीत, तेवीस जणांनी, बहुधा जेवणाच्या सुट्टीच्या आधी, त्याच्यासाठी दार उघडलं. खटला उभाच राहिला नाही. सात-आठ महिन्यांनी सरकारने आपणहून सगळं मागे घेतलं. पण तोवर नोकरी गेली होती, जेनिसने साखरपुडा मोडला होता, आणि चर्चच्या हॉलमध्ये शुक्रवारच्या माशांच्या जेवणाला सगळी वस्ती जमते, तिथे गेलो की लोक एडीशी फार गोड बोलायचे. त्या गोडपणाने तो खचला. तो आमच्या आईच्या तळघरात राहायला लागला, जुने रेडिओ खोलायचा आणि परत जोडायचा, आणि कोणी हाक मारली की आधी गप्प व्हायचा, मग ओ द्यायचा. आई म्हणायची, सुटला ना, मग आता काय झालंय याला? मला तेव्हाही कळत होतं काय झालंय ते. त्या तेवीस जणांतल्या एकालाही एडी दिसलेला नव्हता. त्यांनी त्याला रस्त्यात ओळखलं नसतं. मलाही कांदेलारियो दिसलेला नव्हता. त्याच्या वकिलाने त्याला इथे यायला मनाई केली होती, आणि मी मनातल्या मनात त्याला एडीचे केस लावले होते, दाट, मागे वळवलेले, जे बहुधा त्याचे नसणार. निवडीच्या वेळी जजने विचारलं होतं, घरात कोणावर कधी आरोप? मी सांगितलं होतं, भावावर; तरी मी रास्त निकाल देईन. माझा स्वर ऐकून त्याने पुढे काही विचारलं नाही.

वकीलबाईंना आत बोलावलं. मेगन टॉल्बर्ट तिचं नाव, तिशीची, हुशार, आणि घरीच केस रंगवणारी. मागची एक बट दर वेळी राहून जाते. मला ती आवडायची. आम्हाला ती कधी मूर्खांसारखं वागवत नसे, आणि त्या इमारतीत ही काही लहान गोष्ट नव्हती.

"कांदेलारियोला फोन आला होता का त्या संध्याकाळी?" मी विचारलं.

तिने कागद न बघता उत्तर दिलं. "मालकाचा आला होता. वेंडेल प्रू. फोन झाला एवढं दिसतं, बोलणं काय झालं ते दिसत नाही. पोलीस त्याच्याकडे गेले तेव्हा तो म्हणाला, माझ्या वकिलाशी बोला."

"मग त्याला इथे बोलवा."

"ल्युसिल, तसं कोणी करत नाही."

"करता येतं का ते सांगा. पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणालात, कोणालाही बोलवायचा आम्हाला हक्क आहे."

"आहे." ती खुर्चीवर बसली. एरवी ती आमच्यासमोर कधी बसत नसे. "पण त्याची किंमत काय ते ऐका. आपल्या राज्यात ग्रँड ज्युरीसमोर जो साक्ष देतो त्याला अभय मिळतं. ज्याबद्दल बोलला त्याबद्दल पुन्हा कधी त्याच्यावर खटला नाही. कधीच नाही. ते अभय नको असं मी त्याच्याकडून लिहून मागू शकते, पण मग त्याचा वकील त्याला तोंड उघडू देणार नाही, आणि तुम्ही होतात तिथेच राहाल. लिहून घेतलं नाही तर बोलेल. खोटंही बोलणार नाही, कारण खोट्या साक्षीला अभय नाही. खरं बोलण्यातच त्याचा फायदा. पण त्या खुर्चीवरून उठला की तो या प्रकरणातून कायमचा सुटला. उद्या काहीही निघालं तरी."

हीटर टकटक करत होता.

"म्हणजे," ओडेल हळूच म्हणाला, "एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला सोडून द्यायचं."

"दुसऱ्याने काही केलंय हे आज मला ठाऊक नाही," मेगन म्हणाली. "ट्रकवाल्याने काय केलंय ते आहे माझ्यासमोर. मी बाहेर थांबते. तुम्ही ठरवा." आणि पुन्हा खट्.

तेव्हा जी तासभर वादावादी झाली ती लिहीत बसत नाही. ह्यूबर ओरडला, आणि मला आश्चर्य वाटलं की ओरडताना तो जास्त बरा माणूस वाटतो. तो म्हणाला, "अहो, ती म्हातारी मेलीय! कोणीतरी मारलंय तिला! आणि तुम्ही म्हणता, ज्याने मारलं असेल त्याला आधी माफ करा, मग विचारा, की बाबा, तू मारलंस का?" मुद्दा खोटा नव्हता. मला तो आत कुठेतरी लागलाही. पण मी आयुष्यभर पाहत आलेय, ज्यांना निर्णय घ्यायचा नसतो ती माणसं दोन्ही बाजूंचं खरं आहे म्हणतात आणि टोपी घालून निघून जातात. माझी आई तशी होती. एडीसाठी कोणाकडे तरी जायला हवं होतं, कोणाला तरी ठणकावून विचारायला हवं होतं. ती म्हणायची, त्यांचंही बरोबर असेल गं. मी अठराव्या वर्षी ठरवलं, आपण कोणतीतरी एक बाजू घ्यायची आणि तिच्यावर उभं राहायचं. माझ्या नवऱ्याशी, रेशी, लग्न केलं ते असंच, दुकान घेतलं ते असंच, रे गेल्यावर घर न विकता राहिले तेही असंच. चुकले का? मला तरी कुठे चुकल्याचं आठवत नाही.

"ग्रेग," मी म्हणाले, "तू त्या म्हातारीबद्दल बोलतोस ते बरोबर बोलतोस. पण कांदेलारियो हाताशी आहे म्हणून त्याला धरायचं, एवढंच जर असेल, तर ते तिच्यासाठी नाही. ते आपल्यासाठी आहे. आपल्याला कोणीतरी धरला असं वाटून जेवायला जाता यावं म्हणून."

"आणि मालकच दोषी निघाला तर?"

"तर तो सुटेल आणि मला ठाऊक असेल की मी सोडला. ते मी घेईन माझ्या डोक्यावर."

"तुमच्या डोक्यावर घेऊन काय होणार? त्या बहिणीला काय सांगणार?"

मी प्रश्न विचारला, या वेळी नीट, शेवटच्या शब्दापर्यंत: वेंडेल प्रूला बोलवावं आणि त्याच्याकडून काही लिहून मागू नये, असं कोणाकोणाला वाटतं? आणि थांबले. हात आले, पण सावकाश, पाण्याखालून यावेत तसे, काही अर्ध्यावर थांबून मग पुढे. ओडेलने आपला जाड हात वर केला आणि डोळे मिटून घेतले. मीही माझा वर केला, आणि तो वर नेताना खांद्यातला, कोपरातला एकेक सांधा मला जाणवला. तेरा झाले.

वेंडेल प्रू पुढच्या आठवड्यात आला. मी राक्षस येईल अशी वाट बघत नव्हते, पण इतका साधा माणूसही अपेक्षित नव्हता. नुकतेच कापलेले केस, चांगल्या न्हाव्याने कापलेले, कानामागे साबणाचा वास. त्याने आम्हाला सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हटलं. आमच्यातल्या तिघा-चौघांनी उलट म्हटलंसुद्धा.

"त्या संध्याकाळी तुम्ही कांदेलारियोला फोन केला?" मेगनने विचारलं.

"केला. तो ट्रक चालवायला तयार नव्हता. म्हणाला, बजर बंद आहे, बर्फ पडतोय, मागचं काही दिसत नाही. किल्ली ठेवून घरी जातो म्हणाला."

"मग?"

"मी म्हटलं, मागे माणूस पाठवलाय. नारिंगी बंडीतला. तो उभा राहील, तू बिनधास्त काम संपव."

"कोणाला पाठवलं होतं?"

"कोणालाच नाही." त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "सगळी माणसं दुसरीकडे होती. मला वाटलं, तासाभराचं काम आहे. काय होणार आहे."

तो हे सांगत असताना आवाज चढला नाही, उतरला नाही. मी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. लाज म्हणा, भीती म्हणा. मग माझ्या लक्षात आलं, त्याला घाबरायचं कारणच आम्ही काढून घेतलं होतं. मी काढून घेतलं होतं. खरं बोलणं इतकं सोपं करून दिल्यावर माणूस ते हवामान सांगावं तसं सांगतो. साक्ष संपल्यावर तो उठला, कोटाची बटणं लावली, आणि दारातून जाताना मागे वळून म्हणाला, "मॅडम, मला त्या बाईंबद्दल वाईट वाटतं." ते मला म्हणाला की मेगनला, कळलं नाही. बहुधा वाटतही असेल. मला मात्र त्याची कॉलर धरून त्याला परत खुर्चीत बसवावंसं वाटलं, इतक्या जोराने, की मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

दार लागलं. मी विचारलं, एफ्राइन कांदेलारियोवर आरोप ठेवावा असं कोणाकोणाला वाटतं? चार हात वर गेले. ह्यूबरचा त्यांत नव्हता. तो आपल्या बुटांकडे बघत होता, आणि मग त्याने मान वर केली आणि लहान मुलासारखं विचारलं, "मग आता याच्यावर, मालकावर, नाही ना ठेवता येत?" त्याला उत्तर ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं. तरी तो आशेने माझ्याकडे बघत राहिला, कारण सगळ्या आठवड्यात मी त्याला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

त्या दुपारी मी बसने न जाता चालत निघाले. बर्फाचा चिखल झाला होता, पण मला हलकं वाटत होतं, आणि मी ते मान्य करते. वेस्ट साइडला कुठल्यातरी स्वयंपाकघरात फोन वाजत असेल, एक माणूस तो उचलत असेल, ऐकून घेत असेल, मग ओट्याला टेकून उभा राहत असेल. त्याला कधीच कळणार नव्हतं की कोणी काय विचारलं, कोणी हात खाली घेतला. त्याची नोकरी, त्याचं नाव, कोणी गोड बोलण्याची गरज नसलेला त्याचा शुक्रवार. मला एडीला सांगायचं होतं. एडी कधीचाच गेलाय, पण चालताना मी त्याला सांगितलंच, तोंडाने, आणि समोरून कुत्रा घेऊन येणाऱ्या माणसाने रस्ता बदलला. मी बरोबर केलं होतं. तेव्हाही मला तसं वाटत होतं, आजही वाटतं, आणि ज्याला वाद घालायचा असेल त्याने दुकानात यावं. अर्थात आला तरी मला त्याच्याशी वाद घालता यायचा नाही. त्या खोलीतलं बाहेर बोलणं हा गुन्हा आहे, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या कायझरटाउनला ठाऊक आहे. ते आठवडे माझ्या गिऱ्हाइकांनी माझा जीव खाल्ला. सांग ना, ल्युसिल, कोणाला आत टाकलंस? मी म्हणायचे, मान सरळ ठेव, नाहीतर कान कापीन.

शनिवारी सकाळी, न विचारता, वेळ न ठरवता, फ्लॉरेन्स आली. दारातच तिने बूट आपटून बर्फ झाडला, आणि चपटे झालेले ते केस बघून मी तिला लगेच ओळखलं.

"तुम्ही तिथे होता," ती म्हणाली. "मधल्या खुर्चीत."

"होते."

"मला केस कापायचेत."

मी तिला बसवलं, मान मागे घेऊन डोकं धुतलं. ओल्या केसांखाली म्हाताऱ्या माणसाचं डोकं किती लहान लागतं हाताला! माझे हात इतकी वर्षं हे करतायत, तरी दर वेळी मला ते नवं वाटतं. तिने डोळे मिटले होते. पाणी बंद केलं तेव्हा ती बोलली.

"वकीलबाईंचा फोन आला. कोणावरच आरोप नाही म्हणाल्या. का, ते सांगता येत नाही म्हणाल्या."

"मलाही नाही येत."

"ठाऊक आहे मला. तुम्हालाच आत टाकतात म्हणे बोललात तर."

"टाकू शकतात."

"मग नाही विचारत." मी तिचे केस टिपले. तिने कानात गेलेलं पाणी बोटाने काढलं. मग म्हणाली, "एकच सांगा. बोलू नका, नुसती मान हलवा. त्याला ती दिसली होती का?"

मी टॉवेल घडी करायला घेतला.

"त्याचं काय आहे," ती म्हणाली, "ते जॅकेट मीच तिच्या अंगात घातलं. ती नको म्हणत होती. जड आहे म्हणायची, त्याला अजून नवऱ्याचा, जोचा, वास येतो म्हणायची. मी म्हटलं, घाल गं बाई, एवढ्या बर्फात दिसशील तरी गाडीवाल्यांना. भांडून घातलं. तर मला एवढंच कळायला हवंय. दिसली असेल तर त्याने बघून मारलं, मग मी त्याला शिव्या देईन मरेपर्यंत. नसेल दिसली तर जॅकेटचा काही उपयोग झाला नाही, एवढंच. तेही मी सोसेन. दोन्हीतलं कोणतं, तेवढं सांगा. मी कोणाला सांगणार नाही."

तिसरंही एक होतं, आणि ते तिच्या गावीही नव्हतं. ती दिसली होती, अगदी स्पष्ट दिसली होती, आणि त्या नारिंगी जॅकेटात दिसली म्हणूनच त्याने ट्रक मागे घेतला होता. ज्याच्या खोट्या शब्दामुळे तसं झालं तो कानामागे साबणाचा वास घेऊन आपल्या घरी गेला होता, आणि त्याला मी पाठवलं होतं. हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. मला वाक्यं सुचायला कधी वेळ लागत नाही.

"शपथ आहे हो माझ्यावर," मी म्हणाले.

शपथ नसती तरी मी तिला सांगितलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि पक्कं ठाऊक असण्याने मला आयुष्यात पहिल्यांदाच काही बरं वाटलं नाही. मी तिच्या खांद्यांवरचं कापड सारखं केलं, गळ्यामागे गाठ बांधली. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती अजून वाट पाहत होती.